बीगलबोन ब्लॅकच्या लिनक्स कर्नलमध्ये यूएसबी सुरू करणं: कडी-कडीने तपासत

बीगलबोन ब्लॅक या छोट्या संगणक-बोर्डाच्या यूएसबी पोर्टात पेनड्राइव्ह घातला, त्याचा दिवा लागला, पण कन्सोलवर एक ओळही उमटली नाही. दिव्याचा अर्थ एवढाच की पोर्टाला पाच व्होल्ट मिळताहेत. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, त्या पोर्टाचा पत्ता आहे की नाही, हे दिव्यावरून कळत नाही. स्वतः बांधलेल्या कर्नलमध्ये यूएसबी आणताना बहुतेकांचं गाडं इथेच अडतं आणि मग मेनूकॉन्फिग या कर्नलच्या पर्यायांच्या मेनूत दिसेल तो यूएसबीचा पर्याय चालू करत सुटायची वेळ येते. तसं करून कर्नल फुगतो, पोर्ट मात्र मुकाच राहतो.

यूएसबी हे एक बटण नाही, ती साखळी आहे. सगळ्यात वर पेनड्राइव्ह किंवा कीबोर्डचा क्लास ड्रायव्हर, त्याखाली यूएसबी कोअर, त्याखाली कंट्रोलरचा ड्रायव्हर, मग त्या कंट्रोलरला चिपशी जोडणारा ‘ग्लू’ ड्रायव्हर, त्याखाली तारांवरचे सिग्नल हाताळणारा फिजिकल लेयर म्हणजे फाय, आणि तळाशी डिव्हाइस ट्री (बोर्डावर कुठलं हार्डवेअर कुठे आहे हे कर्नलला सांगणारी फाइल) व वीज. यातली कुठलीही एक कडी सुटली तरी वरून दिसणारं लक्षण एकच: काहीच होत नाही. म्हणून काम खालून वर करायचं आणि प्रत्येक कडीची खूण बूट लॉगमध्ये शोधायची.

या लेखासाठी बीगलबोन ब्लॅक घेतला आहे, कारण तो सहज मिळतो आणि साखळीतल्या सगळ्या कड्या त्यात स्वच्छ वेगळ्या दिसतात. त्यावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एएम३३५एक्स मालिकेतली चिप आहे. तिच्यात मेंटर ग्राफिक्सच्या रचनेचे दोन यूएसबी २.० कंट्रोलर आहेत. लिनक्समध्ये त्यांना ‘एमयूएसबी’ म्हणतात. पहिला, म्हणजे यूएसबी-शून्य, मिनी-यूएसबी सॉकेटला जोडलेला असून तो पेरिफेरल, म्हणजे दुसऱ्या संगणकाला जोडलं जाणारं उपकरण, म्हणून वागतो. दुसरा, म्हणजे यूएसबी-एक, मोठ्या टाइप-ए सॉकेटला जोडलेला असून तो होस्ट, म्हणजे उपकरणं जोडून घेणारा, आहे. दोन्हींचे फाय चिपच्या आतच आहेत.

एक सूचना आधीच. मेनूतली नावं आणि आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायचं. मेनूकॉन्फिगमध्ये नाव सापडत नसेल तर स्लॅशची कळ दाबून शोधा. तो पर्याय कुठल्या मेनूत आहे, कशावर अवलंबून आहे आणि आत्ता का दिसत नाही, हे सगळं तिथे लिहून येतं. ही सवय लागली की अर्धं काम हलकं होतं.

आधी हाताशी काय हवं

सिरियल कन्सोल, म्हणजे बोर्डाचा लॉग केबलने संगणकावर दाखवणारी जोडणी, नसेल तर सुरुवातच करू नका. यूएसबीच चालत नसताना यूएसबी-नेटवर्कवरून लॉग वाचण्याची आशा धरण्यात अर्थ नाही. बोर्डावरच्या जे-१ या सहा पिनांच्या हेडरला ३.३ व्होल्टची यूएसबी-सिरियल केबल जोडा: पिन १ ग्राउंड, पिन ४ बोर्डाचा आरएक्स, पिन ५ बोर्डाचा टीएक्स. केबलचा टीएक्स बोर्डाच्या आरएक्सला जातो, आणि उलट. वेग ११५२००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. पाच व्होल्ट पातळीची केबल लावली तर चिपची पिन कायमची जाऊ शकते, म्हणून केबलवरचं लेबल वाचूनच जोडा.

दुसरी गोष्ट वीज. पाच व्होल्ट, दोन अँपिअरचा अडॅप्टर घ्या; पिन ५.५ बाय २.१ मिलिमीटरची, आतला भाग पॉझिटिव्ह. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत असा अडॅप्टर सहज मिळतो. घरातल्या वायफाय राउटरच्या अडॅप्टरची पिन बऱ्याचदा अगदी याच मापाची असते, पण तो ९ किंवा १२ व्होल्टचा असतो. पिन बसली म्हणून लावू नका.

मिनी-यूएसबीवरून बोर्ड चालवला तर वीज ५०० मिलिअँपिअरवर अडते, आणि बोर्ड स्वतःच २१० ते ४६० मिलिअँपिअर खातो. होस्ट पोर्टासाठी उरतं काय? अशा विजेवर माउस चालेल, वायफाय डोंगल किंवा पोर्टेबल हार्ड डिस्क चालणार नाही, आणि दोष तुम्ही ड्रायव्हरमध्ये शोधत बसाल.

कामाच्या संगणकावर, डेबियन किंवा उबुंटू असेल तर, जीसीसीचा ‘आर्म-लिनक्स-ग्नूईएबीआयएचएफ’ क्रॉस कंपायलर, मेक, फ्लेक्स, बायसन, बीसी आणि ओपनएसएसएल व एनकर्सेसच्या डेव्हलपमेंट लायब्ऱ्या बसवा.

कर्नलचं कॉन्फिगरेशन

सोर्सच्या मुख्य डिरेक्टरीत आर्किटेक्चर ‘आर्म’ आणि क्रॉस कंपायलरचा उपसर्ग एकदाच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून ठरवून घ्या. उपसर्गाच्या शेवटचा आडवा डॅश विसरू नका. मग ‘ओमॅप२प्लस डेफकॉन्फिग’ या तयार कॉन्फिगरेशनपासून सुरुवात करा. पाटी कोरी ठेवून सुरू करण्याचा मोह टाळा. या चिपला लागणाऱ्या घड्याळ, पिनमक्स (पिनांच्या कामांची निवड) आणि बसच्या गोष्टी त्यात आधीच आहेत.

या डेफकॉन्फिगमध्ये यूएसबीचे बरेच भाग मॉड्यूल, म्हणजे नंतर चढवायच्या वेगळ्या फाइली, म्हणून ठेवलेले असतात. मोठ्या वितरणात ते ठीक आहे, कारण तिथे यूडेव्ह हा प्रोग्रॅम मॉड्यूल आपोआप चढवतो. बिझीबॉक्स या लहान साधनसंचाच्या छोट्या रूटफाइलसिस्टिमवर (मुख्य फाइलसिस्टिमवर) ते कोणीच चढवत नाही, आणि पोर्ट मुका राहतो. म्हणून पहिल्या खेपेला खालच्या सगळ्या कड्या कर्नलमध्येच बांधा, म्हणजे चौकोनात तारा दिसेपर्यंत ‘वाय’ दाबा. सगळं चाललं की मग हवं तर मॉड्यूल करा.

‘डिव्हाइस ड्रायव्हर्स’मधून ‘यूएसबी सपोर्ट’मध्ये जा आणि या क्रमाने चालू करा:

१. ‘सपोर्ट फॉर होस्ट-साइड यूएसबी’, आणि त्याखालचं ‘यूएसबी अनाउन्स न्यू डिव्हाइसेस’. हे दुसरं चालू असलं की प्रत्येक उपकरणाचे व्हेंडर व प्रॉडक्ट क्रमांक लॉगमध्ये छापले जातात. दोष शोधताना याचा फार उपयोग होतो.

२. ‘यूएसबी गॅजेट सपोर्ट’. बोर्डाने स्वतःच यूएसबी उपकरण म्हणून वागण्यासाठी, म्हणजे मिनी-यूएसबी बाजूसाठी, हे लागतं.

३. ‘इन्व्हेंट्रा हायस्पीड ड्युअल रोल कंट्रोलर’. त्याच्या आत ‘एमयूएसबी मोड सिलेक्शन’मध्ये ‘ड्युअल रोल मोड’.

४. त्याच मेनूत ‘टीआय डीएसपीएस प्लॅटफॉर्म्स’. हाच तो ग्लू ड्रायव्हर. तिथेच ओमॅप, दाव्हिंची वगैरे नावंही दिसू शकतात. एएम३३५एक्ससाठी त्यांचा उपयोग नाही.

५. ‘यूएसबी फिजिकल लेयर ड्रायव्हर्स’मध्ये ‘एएम३३५एक्स यूएसबी पीएचवाय ड्रायव्हर’.

६. डीएमएसाठी, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवण्यासाठी, ‘टीआय सीपीपीआय ४.१’. ‘डीएमए इंजिन सपोर्ट’ बंद असेल तर हा पर्याय दिसतच नाही.

तिसऱ्या पायरीवर हमखास ठेच लागते: ‘ड्युअल रोल मोड’ यादीतून गायब असतो. कारण असं की, कंट्रोलर ड्रायव्हर कर्नलमध्ये बांधलेला असेल तर होस्ट कोअर आणि गॅजेट कोअर दोन्हीही कर्नलमध्येच बांधलेले हवेत. त्यातलं एक जरी मॉड्यूल राहिलं तरी तो मोड मिळत नाही. मेनू हे सांगत नाही, नुसताच पर्याय लपवतो. मग घाईत ‘होस्ट ओन्ली’ निवडलं जातं आणि महिन्याभराने कोणीतरी विचारतं की मिनी-यूएसबी का चालत नाही.

सहाव्या पायरीबद्दल थोडं सविस्तर. डीएमए निवडून त्याचं इंजिन जागेवर नसेल तर कंट्रोलरची सुरुवातच होत नाही. ड्रायव्हर चॅनल मागतो, ते मिळत नाही, आणि तो ‘नंतर बघू’ म्हणून थांबतो. तो ‘नंतर’ कधीच येत नाही. फाय ड्रायव्हर नसला तरी हेच होतं. जुन्या कर्नलमध्ये अशा वेळी लॉगमध्ये उणे ५१७ हा आकडा दिसतो. त्याचा अर्थ ‘प्रोब (ड्रायव्हरची सुरुवात) पुढे ढकलला’. अलीकडच्या कर्नलमध्ये डीबगएफएस (कर्नलची अंतर्गत माहिती दाखवणारी फाइलसिस्टिम) माउंट करून ‘डिव्हायसेस_डिफर्ड’ ही फाइल वाचा. कोण कशासाठी ताटकळत बसलं आहे ते एका नजरेत दिसतं. डीएमएवर संशय असेल तर ‘डिसेबल डीएमए, ऑलवेज यूज पीआयओ’ (डेटा प्रोसेसरनेच हलवायचा) निवडून एकदा बांधून बघा. वेग घटेल आणि प्रोसेसरवर भार पडेल, पण पीआयओवर पोर्ट चालू झाला तर दोष नेमका डीएमएच्या कडीत आहे हे पक्कं होतं.

याच बैठकीत दोन गोष्टी उरकून घ्या. ‘डेव्हटीएमपीएफएस’ आणि त्याचं आपोआप माउंट होणं चालू करा, नाहीतर पेनड्राइव्ह ओळखला जाऊनही ‘डेव्ह’ डिरेक्टरीत त्याची फाइल येणार नाही. आणि चालू कर्नलचं कॉन्फिगरेशन ‘प्रॉक’मधून वाचता येण्याचा पर्याय चालू ठेवा. बोर्डावर खरोखर कुठला कर्नल चालला आहे याची शहानिशा त्याशिवाय होत नाही, आणि जुनाच कर्नल बूट होत राहणं ही चूक वाटते त्याहून कितीतरी जास्त वेळा होते.

डिव्हाइस ट्री

ड्रायव्हर बांधला तरी कर्नलला कंट्रोलर कुठे आहे हे डिव्हाइस ट्रीच सांगते. चिपची माहिती ‘एएम३३एक्सएक्स’ नावाच्या डीटीएसआय फाइलमध्ये आहे. तिथे यूएसबी-शून्यचा नोड ४७४०१००० या हेक्स पत्त्यावर, यूएसबी-एकचा ४७४०१८०० वर आणि डीएमए कंट्रोलरचा ४७४०२००० वर सापडेल. दोन्ही यूएसबी नोडचे इंटरप्ट अनुक्रमे १८ आणि १९. बोर्डाची माहिती ‘एएम३३५एक्स-बोन-कॉमन’ फाइलमध्ये असते. कर्नल ६.५ पासून या फाइली आर्मच्या ‘डीटीएस’ डिरेक्टरीत ‘टीआय’ आणि त्याखाली ‘ओमॅप’मध्ये हलल्या आहेत, त्यामुळे जुन्या सूचनांतला पत्ता जुळत नसेल तर गोंधळू नका.

बोर्डाच्या फाइलमध्ये ‘डीआर_मोड’ हा गुणधर्म तपासा: यूएसबी-शून्यला ‘पेरिफेरल’ आणि यूएसबी-एकला ‘होस्ट’. जुन्या कर्नलांत मुख्य यूएसबी नोड, कंट्रोल मॉड्यूल, दोन्ही फाय, दोन्ही पोर्ट आणि डीएमए हे सगळे मुळात ‘डिसेबल्ड’ असत आणि बोर्डाच्या फाइलमध्ये एकेकाला ‘ओके’ करावं लागे. स्वतःच्या बोर्डासाठी फाइल लिहिताना यातला फायचा किंवा डीएमएचा एखादा नोड विसरतो आणि पुन्हा तेच उणे ५१७ पुढे येतं.

स्वतःचा बोर्ड असेल तर ‘मेंटर,पॉवर’ या गुणधर्माकडेही बघा. होस्ट पोर्ट जास्तीत जास्त किती मिलिअँपिअर देऊ शकतो ते तो सांगतो. इथे ५०० आहे. तुमच्या बोर्डावरचा पॉवर स्विच कमी देणारा असेल तर इथेही खरा आकडा लिहा. कर्नल या आकड्यावर विश्वास ठेवूनच उपकरणाला होकार-नकार देतो.

यूएसबी-शून्यला केबल लागली की नाही हे बीगलबोनवर टीपीएस६५२१७ या पॉवर चिपच्या इंटरप्टवरून कळतं. कर्नल सडपातळ करण्याच्या नादात त्या चिपचा ड्रायव्हर काढून टाकू नका.

बांधणी आणि बूट

‘झेडइमेज’ (कर्नल), ‘डीटीबीज’ (कंपाइल केलेल्या डिव्हाइस ट्री) आणि ‘मॉड्यूल्स’ ही तीन लक्ष्यं देऊन मेक चालवा. मॉड्यूल थेट इन्स्टॉल करू नका. रूटफाइलसिस्टिमचा पत्ता देऊन तिथे बसवा, नाहीतर ती तुमच्याच संगणकाच्या ‘लिब’मध्ये जाऊन पडतील. एसडी कार्डवर झेडइमेज आणि ‘एएम३३५एक्स-बोनब्लॅक’ची डीटीबी फाइल एकत्रच बदला. नवा कर्नल आणि जुनी डीटीबी ही जोडी म्हणजे दोन वेगळ्या गावचे नकाशे.

एस-२ बटण दाबून धरून वीज दिली की बोर्ड एसडी कार्डावरून सुरू होतो. यू-बूट या बूटलोडरच्या प्रॉम्प्टवर कर्नल हेक्स ८२०००००० वर आणि डीटीबी ८८०००००० वर चढवून ‘बूटझेड’ला हे दोन पत्ते द्या, मध्ये एक सुटा डॅश टाकून. तो डॅश म्हणजे इनिटआरडी (सुरुवातीची रॅमडिस्क) नाही असं सांगणं. तो गाळला तर डीटीबीच इनिटआरडी समजली जाते.

लॉग वाचणं

इथे घाई नको. कर्नलचा लॉग दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’ आज्ञेच्या उताऱ्यात ‘एमयूएसबी’ शोधा. सगळं नीट असेल तर ओळी या क्रमाने येतात: ‘एमयूएसबी-एचडीआरसी.१: एमयूएसबी एचडीआरसी होस्ट ड्रायव्हर’, मग नवी यूएसबी बस नोंदली गेल्याचं, मग ‘यूएसबी हब फाउंड’ आणि ‘१ पोर्ट डिटेक्टेड’. हा हब बोर्डावर कुठे दिसत नाही. कंट्रोलरचा स्वतःचा रूट हब आहे तो. इथपर्यंत आलात म्हणजे फाय, ग्लू, कंट्रोलर आणि डिव्हाइस ट्री या चारही कड्या जुळल्या. यातली एकही ओळ नसेल तर पेनड्राइव्ह बदलून काही होणार नाही, कॉन्फिगरेशनकडे परत जा.

आता पेनड्राइव्ह लावा. ‘न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस नंबर २ यूजिंग एमयूएसबी-एचडीआरसी’ अशी ओळ यायला हवी. पेनड्राइव्ह असून ‘फुल-स्पीड’ आलं तर ४८० ऐवजी १२ मेगाबिटवर तडजोड झाली आहे. केबल किंवा मधला हब संशयित.

त्याऐवजी आकडे आले तर त्यांचा अर्थ असा. ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड’नंतर उणे ७१ म्हणजे प्रोटोकॉलची चूक: सिग्नल बिघडतो आहे, बहुधा लांब किंवा हलकी केबल, सैल सॉकेट किंवा खचलेलं व्होल्टेज. उणे ११० म्हणजे उपकरणाने वेळेत उत्तर दिलं नाही. विजेची कमतरता इथेही पहिली आरोपी. ‘व्हीबस एरर इन ए_वेट_व्हीराइज’ म्हणजे पोर्टावरचं व्होल्टेज चढलंच नाही. उणे २८ हे हबवर बरीच उपकरणं लावल्यावर येतं. या कंट्रोलरमध्ये एंडपॉइंट (डेटाच्या वाहिन्या) १६ आहेत आणि प्रत्येक इंटरप्ट किंवा आयसोक्रोनस प्रवाहाला त्यातला एक कायमचा द्यावा लागतो. जागा संपली की पुढचं उपकरण बाहेर. त्यावर सॉफ्टवेअरचा इलाज नाही, उपकरणंच कमी करावी लागतात. ‘बॅबल’ शब्द आला तर बसवर नको तेव्हा सिग्नल दिसला असं समजा. सैल केबल आणि जोडताक्षणी जास्त वीज ओढणारी उपकरणं यात पुढे असतात.

विजेचा संशय असेल तर अंदाज बांधू नका, मोजा. उपकरण लावलेलं आणि काम करत असताना टाइप-ए सॉकेटच्या कडेच्या दोन पिनांवर मल्टिमीटर धरा. ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या आत हवं. रिकाम्या पोर्टावर ५.०२ आणि हार्ड डिस्क फिरायला लागताच ४.५, असं दिसलं तर घोडं कुठे पेंड खातंय ते सापडलं. स्वतःच्या वीजपुरवठ्याचा हब मध्ये घाला.

वरच्या कड्या: क्लास ड्रायव्हर

उपकरण ओळखलं गेलं, ‘यूएसबी मास स्टोरेज डिव्हाइस डिटेक्टेड’ही आलं, पण ‘एसडीए’ नाही. याचं कारण जवळजवळ नेहमी एकच: ‘यूएसबी मास स्टोरेज’ चालू केलं आणि ‘स्कझी डिस्क सपोर्ट’ राहिलं. पेनड्राइव्ह लिनक्सला स्कझी डिस्क म्हणूनच दिसतो.

‘एसडीए१’ आलं पण माउंट होत नाही, आणि ‘कोडपेज सीपी४३७ नॉट फाउंड’ अशी तक्रार येते, तर व्हीएफएटीसोबत ‘नेटिव्ह लँग्वेज सपोर्ट’मधलं कोडपेज ४३७ आणि आयएसओ ८८५९-१ चालू करा. ६४ जीबी किंवा मोठे पेनड्राइव्ह सहसा एक्सफॅटमध्ये येतात, ५.७ पासून कर्नलमध्ये त्याची पक्की फाइलसिस्टिम आहे, ती निवडा. रूटफाइलसिस्टिमच यूएसबीवर ठेवायची असेल तर ही सगळी साखळी कर्नलमध्ये बांधलेली हवी आणि बूट आर्ग्युमेंटमध्ये ‘रूटवेट’ हवंच. उपकरण ओळखायला वेळ लागतो, आणि कर्नल तेवढा थांबला नाही तर पॅनिक करतो.

सिरियलसाठी ‘यूएसबी सिरियल कन्व्हर्टर’ मेनूत एफटीडीआय, सीपी२१०एक्स आणि सीएच३४१ हे तिन्ही घ्या. स्वस्तातल्या आर्डुइनो बोर्डांवर सीएच३४० असते आणि ती ‘टीटीवाययूएसबी०’ म्हणून येते. मूळ आर्डुइनो युनोला मात्र ‘एसीएम’ ड्रायव्हर लागतो आणि तो ‘टीटीवायएसीएम०’ म्हणून दिसतो. कीबोर्ड-माउससाठी ‘यूएसबी एचआयडी’ आणि ‘जेनेरिक एचआयडी’ पुरे.

वायफाय डोंगलच्या बाबतीत वरचा नियम उलटा लावा: त्याचा ड्रायव्हर मॉड्यूलच ठेवा. तो कर्नलमध्ये बांधला तर रूटफाइलसिस्टिम माउंट होण्याआधीच फर्मवेअर मागतो आणि उणे २ म्हणजे ‘फाइल नाही’ असं उत्तर घेऊन बसतो, फाइल ‘लिब/फर्मवेअर’मध्ये असली तरी.

चाचणी नुसती फाइल उघडून करू नका. १०० एमबीची फाइल पेनड्राइव्हवर लिहा, ‘सिंक’ करा, ‘ड्रॉप_कॅशेस’मध्ये ३ लिहून कॅश रिकामी करा आणि मगच दोन्हीकडचा एसएचए२५६ ताडून बघा. कॅश रिकामी केली नाही तर तुम्ही पेनड्राइव्ह नाही, बोर्डाची रॅम तपासत असता.

मिनी-यूएसबी बाजू

‘यूएसबी गॅजेट सपोर्ट’मध्ये कॉन्फिगएफएसवर (डिरेक्टरी आणि फाइली बनवून रचना ठरवण्याची सोय) चालणारी गॅजेट आणि त्यात ईसीएम (यूएसबीवरून नेटवर्क) चालू करा, विंडोजच्या संगणकाला जोडायचं असेल तर आरएनडीआयएसही. बूट झाल्यावर ‘सिस/क्लास/यूडीसी’ डिरेक्टरीत बघा; यूडीसी म्हणजे पेरिफेरल बाजूचा कंट्रोलर. तिथे एमयूएसबीचं नाव दिसलं की पेरिफेरल बाजू जिवंत आहे.

कॉन्फिगएफएस माउंट करून ‘यूएसबी_गॅजेट’खाली एक डिरेक्टरी बनवा. व्हेंडर क्रमांक १डी६बी आणि प्रॉडक्ट ०१०४ लिहा. हे लिनक्स फाउंडेशनचे क्रमांक आहेत, चाचणीसाठी वापरा, विकायच्या उत्पादनात नाही. मग हेक्स ४०९ भाषेखाली उत्पादनाचं नाव, ‘सी.१’ कॉन्फिगरेशन, ‘ईसीएम.यूएसबी०’ फंक्शन, आणि फंक्शनपासून कॉन्फिगरेशनमध्ये सिमलिंक. सगळ्यात शेवटी यूडीसीमधलं नाव गॅजेटच्या ‘यूडीसी’ फाइलमध्ये लिहा. हा क्रम मोडून यूडीसी आधी लिहिलं तर ते नाकारलं जातं, कारण तोवर गॅजेटकडे देण्यासारखं कॉन्फिगरेशनच नसतं.

‘यूएसबी०’ इंटरफेस उभा राहिला की त्याला १९२.१६८.७.२ आणि संगणकाच्या बाजूला १९२.१६८.७.१ द्या आणि पिंग करा. लॉगमध्ये काहीच हालचाल नसेल तर आधी केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलीत डेटाच्या तारा नसतात.

पिंग लागलं की लगेच ‘सेव्हडेफकॉन्फिग’ चालवून मिळणारी छोटी कॉन्फिगरेशन फाइल आणि डिव्हाइस ट्रीतले बदल गिटमध्ये एकाच कमिटमध्ये टाका. कमिटच्या संदेशात कर्नलची नेमकी आवृत्ती आणि ज्या उपकरणांवर चाचणी केली त्यांचे व्हेंडर-प्रॉडक्ट क्रमांक लिहा.